तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

"डोळे बांधा माझे आणि कुणाचाही हात पुढे करा. शीर सापडली नाही तर नाव बदलीन," असं मारिट ट्वेट चर्चच्या तळघरात, कॉफीच्या मोठ्या किटलीसमोर, चारचौघींच्या देखत बोलून गेली.

आमच्या हाल्वर गावात स्वतःविषयी असं बोलणं म्हणजे भर चौकात अंघोळीला बसण्यासारखं. बायकांनी नजरा कपात बुडवल्या. शेजारच्या व्हर्नाकाकू तेवढ्या म्हणाल्या, "ऊन छान पडलंय नाही आज," आणि विषय गावाच्या वेशीबाहेर नेऊन सोडला.

पण पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं. मारिट मिनिआपोलिसला कॉलेजात शिकत होती, पुढे डॉक्टर व्हायचं म्हणून. डॉक्टरीला प्रवेश हवा तर आधी पदवी लागते, आणि पदवीच्या जोडीला जिवंत माणसांना हात लावल्याचा पुरावा लागतो. नुसती पुस्तकं तोंडपाठ असून भागत नाही. म्हणून ही मुलं कुणी म्हाताऱ्यांना कूस बदलून देतात, कुणी रुग्णवाहिकेत बसून फिरतात. मारिटनं रक्त काढायला शिकायचं ठरवलं. त्याचा रीतसर दाखला मिळाला की रुग्णालयात सकाळच्या पाळीला घेतात.

हा वर्ग मिनिआपोलिसलाही होता, तिच्या खोलीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी तिनं तो घेतला हाल्वरला. आमच्या चर्चच्या तळघरात, दर शनिवारी, एवढ्या लांबून बसनं येऊन.

बापाला सांगितलं, "इकडे गर्दी कमी असते."

बाप म्हणाला, "बरं."

खरं कारण वेगळं होतं. तिला घराची ओढ लागली होती. आई गेल्यापासून घरात बाप आणि गायी. हाल्वरच्या छोट्या रुग्णालयाला उन्हाळ्यापुरती रक्त काढणारी मुलगी हवी होती. दाखला मिळाला की ती जागा आपली, आणि अख्खा उन्हाळा आपल्या वरच्या खोलीत, खिडकीतून गोठ्याचा दिवा दिसेल अशी झोप. हा तिचा बेत. पण "मला घरी यावंसं वाटतं" हे वाक्य ट्वेटांच्या घरात आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं. माया भरपूर होती, फक्त ती बोलण्यात नव्हती. आई असताना ती दोघांच्या मधे दुभाष्याचं काम करायची. "बाबांना विचारायचंय की तू नीट जेवतेस का," असं ती सांगायची, आणि बाबा तिथेच बसून बुटाची नाडी बांधत असायचे.

आता हाल्वरची एक रीत सांगायला हवी, कारण घोड्यानं तिथेच पेंड खाल्ली.

आमच्याकडे काहीही देऊ केलं की पहिल्यांदा "नको" म्हणायचं. दुसऱ्यांदा "नको, कशाला उगाच त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, अगदीच उरत असेल तर" असं म्हणत हात पुढे करायचा. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस हावरा. आमचा दाताचा डॉक्टर टेक्सासहून आला, पहिल्याच रविवारी चर्चमध्ये लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे करून "लेमन बार घेता?" म्हटल्यावर "हो, द्या की" म्हणाला, आणि आता त्याचे केस पिकले तरी गाव त्याच्यापुढे ताट करताना दुसऱ्या हातानं ताट घट्ट धरतं.

या रीतीत मारिटचे बाबा, आर्लन ट्वेट, म्हणजे पंचक्रोशीतले पहिलवान. ट्रॅक्टरखाली पाय सापडला तेव्हा रुग्णवाहिकेवाल्यांना म्हणाले होते, "नको, कुणा दुसऱ्याला जास्त गरज असेल." त्यांना चौथ्यांदा विचारावं लागायचं, आणि तेवढा धीर फक्त त्यांच्या बायकोकडे होता. ती गेल्यावर लोक तीनदा विचारून थकायचे आणि पुढच्या खुर्चीकडे वळायचे. दर रविवारी आर्लन कॉफीविना, बारविना घरी जायचे. भूक नाही असं लोक समजत.

तर वर्गात मारिट तयार झाली ती या गावाच्या हातांवर. "काकू, रक्त घेऊ का?" "नको गं, कशाला." "घेऊ ना?" "नको, तुला आपला त्रास." "त्रास कसला." "बरं, घे मग," आणि बाही वर. शिकवणाऱ्या नर्सबाई हाल्वरच्याच, त्यांना यात काही वावगं दिसलं नाही.

परीक्षेला आल्या त्या मात्र फाल्कोनेबाई. मूळच्या ब्रुकलिनच्या. बुटकी मूर्ती, कानात मोठाल्या रिंगा, आणि बोलणं असं की वाक्य संपायच्या आत माणूस जागेवर सरळ उभा राहावा. ज्यानं त्यानं आपापला हात घेऊन यायचा होता. मारिटनं व्हर्नाकाकूंना आणलं. व्हर्नाकाकूंच्या शिरा म्हणजे बागेतले पाइप, आंधळ्यालाही सापडाव्यात.

"आधी संमती," फाल्कोनेबाई म्हणाल्या.

"व्हर्नाकाकू, तुमचं रक्त घेऊ का?"

"नको बाई," काकू गोड हसून म्हणाल्या. "माझ्यासाठी कशाला सुईचं पाकीट फोडतेस."

"थांब," फाल्कोनेबाई म्हणाल्या. "पेशंट नको म्हणाली."

मारिटनं ऐकलं, पण तोंड सवयीनं चालूच राहिलं. "काकू, त्रास काही नाही. घेते ना?"

"नको गं. आधी बाकीच्यांचं होऊ दे."

"तू तिच्यावर जबरदस्ती करते आहेस," फाल्कोनेबाई खुर्चीतून उठल्या.

"छे, छे, एकदाच राहिलंय," मारिट त्यांना धीर देत म्हणाली. "काकू, घेते बरं का."

"बरं, अगदीच घ्यायचं असेल तर," म्हणत काकूंनी बाही वर केली. मारिटनं पट्टा आवळला, सुई लावली, नळी भरली, पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला. काकूंची पापणीसुद्धा हलली नाही. असं सुरेख काम त्या तळघरात झालं नव्हतं.

"नापास," फाल्कोनेबाई म्हणाल्या.

"पण दुखलंसुद्धा नाही मला," व्हर्नाकाकू म्हणाल्या.

"बाई, तुम्ही दोनदा नको म्हणालात आणि हिनं तुम्हाला टोचलं. माझ्याकडे याला शिकाऊ म्हणत नाहीत. पोलिसांना बोलावतात."

"अहो, ते 'नको' नव्हतं."

"मग काय होतं?"

व्हर्नाकाकू विचारात पडल्या. जन्मात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "ते आपलं... बोलायचं असतं," त्या म्हणाल्या, आणि विषय बदलायला बारचं ताट पुढे केलं. "लेमन बार घ्या."

"नको."

"घ्या ना."

"नको म्हटलं मी."

"एक तरी." आणि तिसऱ्यांदा विचारून काकूंनी तीन बार कागदात बांधून फाल्कोनेबाईंच्या पर्समध्ये सारले. फाल्कोनेबाईंनी आधी पर्सकडे आणि मग मारिटकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की हा एका पोरीचा दोष नाही, ही साथ आहे.

"पुढच्या शनिवारी ये," त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या. "शेवटची संधी. पहिल्या विचारण्यात हो म्हणेल असा एक माणूस घेऊन ये. तेव्हाही जमलं नाही तर पुढचा वर्ग हिवाळ्यात. आणि हे ऐकून ठेव. नको म्हणजे नको. एकदा विचारायचं. उत्तर मिळालं की ते खरं धरायचं."

मागे कोट टांगायच्या खुंट्यांपाशी आर्लन टोपी हातात धरून उभे होते. मारिटला न्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. गाडीत म्हणाले, "पेरणीला जमीन बरी आहे यंदा." सांत्वन म्हणून हे त्यांच्या मानानं भाषणच होतं.

तो आठवडा मारिट कॉलेज बुडवून हाल्वरलाच राहिली आणि "हो" शोधत गावभर फिरली. हिवाळ्यात दाखला मिळून काय उपयोग? रुग्णालयाची जागा उन्हाळ्याची होती आणि उन्हाळा घरचा हवा होता.

व्हर्नाकाकूंनी प्रामाणिकपणे सराव केला. स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या, हात पुढे ठेवला.

"काकू, रक्त घेऊ?"

"ह..." काकू म्हणाल्या. गाल बिटासारखे लाल झाले. "ह... हवामान कसं आहे बघ बाहेर." मग कपाळावरचा घाम पुसून म्हणाल्या, "नाही गं जमत. ताटातला शेवटचा तुकडा सगळ्यांदेखत उचलल्यासारखं वाटतं."

पाद्री पेटरसन म्हणाले, "मी नाही म्हणणार नाही." आमच्याकडे याहून मोठा होकार कुणी लग्नाच्या वेदीपुढेही देत नाही. पण मारिटनं डोळ्यांपुढे फाल्कोनेबाईंना आणलं आणि पाद्रींचे आभार मानले.

शेवटी उरला टेक्सासचा दाताचा डॉक्टर. तिनं विचारायच्या आत तो हो म्हणाला. शुक्रवारी त्याच्या दवाखान्यात रंगीत तालीम ठेवली. "रक्त घेऊ?" "घे की." मारिटला गहिवरून आलं. तिनं सुईवरचं टोपण काढलं. दुसऱ्यांच्या हिरड्यांत दिवसभर सुया खुपसणारा तो धिप्पाड गडी सुई स्वतःकडे येताना पाहून असा आडवा झाला की भिंतीवरचा हसऱ्या दाढेचा फोटो खाली पडला. शुद्धीवर आला तेव्हा म्हणाला, "हो. पण मला नको."

आता बाबाच उरले होते, आणि त्यांना विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. हत्तीला झाडावर चढायला कोण सांगतं?

त्याच संध्याकाळी ती गोठ्यापाशी गेली आणि दारातच थबकली. आत बाबांचा आवाज येत होता.

"हो," बाबा म्हणत होते. मग जरा थांबून, "हो. चालेल." मग पुन्हा, अधिक ठामपणे, "हो. घ्या."

जन्मात मारिटनं या माणसाच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. दुसरा आवाज नव्हता, म्हणजे बोलणं फोनवर चाललेलं, आणि फोन कुणाचा असणार हे उघड होतं. पलीकडचा जमीनदार ओस्टलंड दर वसंतात येऊन विचारायचा, गायी आणि घर देता का म्हणून, आणि दर वसंतात बाबा नको म्हणायचे. गेल्या वसंतात तो तिसऱ्यांदा येऊन गेला होता. मारिटनं बोटांवर हिशेब केला. आता चौथा.

म्हणजे घर चाललं. ती शनिवारमागून शनिवार ज्या खोलीसाठी लोकांचे दंड दाबत होती, ती खोली बाबा आत "हो, घ्या" म्हणून देऊन टाकत होते. आणि त्यांना तिनं यावं असं वाटत असतं तर त्यांनी एकदा तरी विचारलं नसतं का? ती तशीच मागे फिरली. जेवताना बाबांनी भट्टीतून काढलेल्या बटाटा-खिम्याच्या हॉटडिशचं भांडं तिच्याकडे सरकवलं. ती म्हणाली, "नको." त्यांनी तीनदा सरकवलं. ती तीनदा नको म्हणाली, आणि ते खरं होतं.

शनिवारी ती परीक्षेला गेली ती केवळ फाल्कोनेबाईंना हात हलवत आलेय हे सांगायला. बाबांनीच पिकअपमधून सोडलं. तळघरात व्हर्नाकाकूंनी कॉफी चढवली होती.

"तुझा माणूस कुठाय?" फाल्कोनेबाईंनी विचारलं.

"नाही मिळाला."

"अख्ख्या गावात एक नाही?"

खुंट्यांपाशी कुणीतरी घसा खाकरला. आर्लन ट्वेट टोपी हातात घेऊन पुढे आले. अंगात इस्त्रीचा शर्ट होता, रविवारचा. ते खुर्चीत बसले, बाही दुमडली आणि हात टेबलावर ठेवला. कोपरापर्यंत विटेच्या रंगाचा, वर दुधासारखा पांढरा.

"बाबा, नको," मारिट हळूच म्हणाली. "तुम्हाला नाही जमायचं."

"विचार तू," बाबा म्हणाले.

तिनं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली. मग श्वास घेतला. "तुमचं रक्त घेऊ का?"

"हो," आर्लन ट्वेट म्हणाले. "घ्या."

स्वयंपाकघरात व्हर्नाकाकूंच्या हातून चमचा पडला. मारिट बाबांकडे बघत राहिली. तोच सूर, तोच ठामपणा. फोनबिन काही नव्हता. ओस्टलंड नव्हता. हा माणूस आठवडाभर गोठ्यात उभा राहून गायींना हो म्हणत होता.

"त्यांना सवय झाली," बाबा जरा ओशाळून म्हणाले. "त्यांनी काही मनावर घेतलं नाही."

मारिटनं त्यांचा हात हातात घेतला. आईच्या अंत्ययात्रेच्या दिवशीही त्या दोघांनी नुसतं हस्तांदोलन केलं होतं. आता तिनं अंगठ्यानं त्यांच्या कोपराच्या खळीत शीर चाचपायला सुरुवात केली. हात गरम होता. त्याला साबणाचा आणि खाली थोडा गवताचा वास होता. ती चाचपत राहिली.

"शीर सापडत नाही का?" फाल्कोनेबाईंनी विचारलं. शीर नांगराच्या तासासारखी समोर दिसत होती.

"सापडली," मारिट म्हणाली. "खात्री करतेय."

फाल्कोनेबाईंनी बापाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि त्या उठून कॉफी घ्यायला गेल्या. ब्रुकलिनमध्येही काही गोष्टी कळत असाव्यात.

मारिट पास झाली. सोमवारी रुग्णालयानं तिला उन्हाळ्यासाठी घेतलं.

कथा इथे संपवता आली असती, पण हाल्वरचं पाणी त्या पोरीच्या हाडांत मुरलेलं होतं. परीक्षेहून परतताना बाबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "उन्हाळ्यात घरी राहशील? वरची खोली रिकामीच आहे."

ज्या वाक्यासाठी तिनं हे सगळं केलं, ते वाक्य तिच्या पुढ्यात येऊन पडलं होतं. आणि मारिट म्हणाली, "नको बाबा, कशाला तुम्हाला त्रास. बेकरीच्या वर खोली मिळते."

हे पहिलं नको होतं. ती दुसऱ्या विचारण्याची वाट बघू लागली. धान्याची कोठारं मागे गेली. रेल्वेचं फाटक मागे गेलं. टपालपेटीपाशी गाडी वळली.

"बरं," बाबा म्हणाले.

त्यांनी फाल्कोनेबाईंचं वाक्य न वाक्य मनावर घेतलं होतं. एकदा विचारायचं. उत्तर मिळालं की ते खरं धरायचं. इतक्या वर्षांनी माणूस एक गोष्ट नवीन शिकला, आणि ती नेमकी याच वळणावर वापरली.

मग काय, मारिट बेकरीच्या वर राहायला गेली. सकाळी रुग्णालयात रक्त काढायची. तिथे तिनं स्वतःची पद्धत बसवली होती. कुणी नको म्हटलं की सुई खाली ठेवून विचारायची, "हे खरं नको, की रीतीचं?" लोक लाजून कबूल व्हायचे. एवढा साधा प्रश्न साऱ्या गावाला विचारणारी ही पोर, आपलं स्वतःचं नको रीतीचं होतं हे सांगायला बापाकडे जाऊ शकत नव्हती. संध्याकाळी पावाच्या वासात खिडकीशी बसून घराकडच्या रस्त्याकडे बघायची. बॅगेतलं सामान अजून बाहेर काढलेलं नव्हतं.

एक दिवस व्हर्नाकाकू रुग्णालयात रक्तातली साखर तपासायला आल्या. "बापाजवळ का राहत नाहीस गं?"

"त्यांनी विचारलं होतं. मी नको म्हणाले."

"कितीदा विचारलं?"

"एकदाच."

"एकदाच?" काकूंनी हात मागे ओढून घेतला. "दुभत्या गायीला सुद्धा तो दोनदा चुचकारतो." कापूस दंडावर दाबत त्या तशाच निघाल्या, थेट ट्वेटांच्या गोठ्याकडे. तिथे काय बोलणं झालं ते गायींना ठाऊक.

संध्याकाळी बेकरीसमोर पिकअप येऊन थांबली. बाबा खाली उतरले. अंगात रविवारचा शर्ट. मान वर करून म्हणाले, "मारिट, घरी येतेस का? वरची खोली झाडून ठेवलीय."

मारिट खिडकीतून वाकली. आणि तोंड, ते मेलं तोंड, सवयीनं म्हणालं, "नको बाबा, उगाच तुम्हाला..."

बाबांनी मान हलवली. टोपी डोक्यावर ठेवली आणि पिकअपचं दार उघडलं.

"बाबा," ती ओरडली. बेकरीतली गिऱ्हाइकं बाहेर आली. "बाबा, अजून एकदा विचारायचं राहिलंय."

आर्लन ट्वेट दाराला हात लावून उभे होते. त्यांनी गिऱ्हाइकांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणत म्हणाले, "माहीत आहे मला. पण दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे जरा थांबायचं असतं. चारचौघांत एवढी घाई बरी दिसत नाही, पोरी. तू बॅग तेवढी खाली आणून ठेव."